बुलेट स्लोला थांबत नाही, कार्बोरेटर धुतला की आठ दिवस बरी आणि परत तेच

आमच्याकडं १९९१ ची स्टँडर्ड ३५० बुलेट आहे, अप्पांनी घेतलेली, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, पॉइंटवाली, म्हणजे ठिणगी इलेक्ट्रॉनिक डबीने नाही, उघडझाप होणाऱ्या पॉइंटने पडते. मागच्या दीड वर्षात ह्या गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, पाच वेळा खोलून धुतला, प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी छान चालली आणि परत मूळपदावर. शेवटी कळलं की कार्बोरेटर घाण होतच नव्हता, तो झिजला होता, आणि झिजलेला कार्बोरेटर कितीही धुतला तरी झिजलेलाच राहणार. हे ओळखायला मला दीड वर्ष लागलं म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण जुनी बुलेट, आरएक्स १००, जुन्या हिरो होंडा असलेल्या बऱ्याच जणांना हाच त्रास असतोय आणि सगळे फक्त धुवूनच घेत असतात.

आधी त्रास काय होता ते सांगतो. सकाळी थंड असताना दोन किकमध्ये चालू. जुळे सोलापूरहून निघालो की विजापूर रोडला काहीच प्रॉब्लेम नाही, पण दहा-बारा मिनिटं चालून इंजिन तापलं आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभा राहिलो की स्लो, म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन चालतं तो वेग, आपोआप वर चढायचा, मग एकदम खाली पडायचा, परत वर, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी बंद. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो, त्या उन्हात तापलेल्या बुलेटला किक मारत उभं राहणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दुसरं म्हणजे एक्सलेटर पूर्ण सोडला तरी रेस लगेच खाली यायची नाही, दोन-तीन सेकंद तशीच लटकून राहायची. तिसरं, उतारावर एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज. आणि चौथं, जे मला शेवटपर्यंत कोड्यात टाकत होतं, अ‍ॅव्हरेज ३२-३३ वरून २४ वर आला होता आणि प्लग काढला की सुका काळा, काजळी धरलेला.

आता बघा, स्लो वरखाली होणं, रेस लटकणं, सायलेन्सरमधे फटफट, ही सगळी हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय ह्याची लक्षणं. काळा प्लग आणि पडलेला अ‍ॅव्हरेज हे पेट्रोल जास्त जातंय ह्याचं लक्षण. दोन्ही एकाच गाडीत एकाच वेळी कसं? प्रत्येक मिस्त्रीने ह्यातलं एकच धरलं. एकाने पेट्रोल कमी केलं तर स्लो अजून बिघडला, दुसऱ्याने वाढवलं तर प्लग अजून काळा. मधे प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले, एकाने कॉइल पण बदलायला लावली. पैसे गेले ते गेलेच, पण गाडीवरचा भरवसा जातो ना, ते जास्त लागतं. अप्पांना तुळजापूरला ह्याच गाडीवर जायचं असतं आणि मी त्यांना नको म्हणत होतो.

मग अशोक चौकाकडचे एक जुने मिस्त्री चाचा भेटले. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी गाडी फक्त चालू करून ऐकली, एक्सलेटर थोडा दिला, सोडला, परत थोडा दिला, परत सोडला, असं सात-आठ वेळा. मग म्हणाले, "प्रत्येक बारीला स्लो वेगळ्या जागी येऊन थांबतोय बघ. कचरा असता तर एकसारखा त्रास दिला असता. ह्यात कचरा नाय, ही कुठून तरी हवा खाऊलालीय." माझ्या दीड वर्षाचं उत्तर ह्या एका वाक्यात होतं. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यात कचरा असेल तर त्रास तसाच राहतो किंवा वाढत जातो. दर वेळी सेटिंग बदलतंय, कालचं सेटिंग आज लागू पडत नाही, असं असेल तर काहीतरी सैल आहे, हलतंय.

पण लगेच कार्बोरेटरवर ठपका ठेवायचा नाही हे पण चाचांनीच शिकवलं. झिजलेल्या कार्बोरेटरसारखीच लक्षणं देणाऱ्या अजून चार गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या स्वस्त आहेत, म्हणून त्या आधी बघायच्या.

पहिली केबल. गाडी स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवा. रेस बदलली तर केबल ताणलेली आहे किंवा आत अडकतीय, कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही. दुसरी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडची फट. लोखंडी इंजिनच्या बुलेटला थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. जास्त टाइट असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि स्लो मरतो. तिसरी, जी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे पॉइंटच्या मागचा ऑटो अ‍ॅडव्हान्स, रेस वाढली की ठिणगीचं टायमिंग पुढं नेणारा. दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंग असतात, स्प्रिंग ढिल्या पडल्या किंवा वजनं गंजून अडकली की टायमिंग पुढं गेलेलं परत मागं येत नाही आणि रेस अगदी तशीच लटकते जशी माझी लटकायची. पॉइंट कॅम बोटांनी थोडा फिरवून सोडला तर टक्कन जागेवर यायला पाहिजे. माझा येत होता, फक्त दोन थेंब ऑइल टाकलं.

चौथी गोष्ट कार्बोरेटर आणि हेडच्या मधला जोड. इथं मला अर्धा प्रॉब्लेम सापडला. घरात कपड्याला इस्त्री करताना पाणी मारायची स्प्रे बाटली असते ना, ती घेतली, इंजिन स्लोवर ठेवलं आणि जोडावर बारीक पाण्याचा फवारा मारला. लगेच आवाज बदलला, एक क्षण स्लो नीट झाला आणि परत बिघडला. म्हणजे तिथून हवा आत जात होती, पाण्याने फट क्षणभर बुजली. काही जण ह्याच टेस्टला पेट्रोल मारतात, कृपा करून तसं करू नका, गरम इंजिन आहे, पॉइंटची ठिणगी आहे, भडका उडाला तर टाकी बरोबर वर आहे. पाण्याने काम होतंय, फक्त प्लगच्या कॅपवर फवारा जाऊ देऊ नका.

कार्बोरेटर उतरवला आणि त्याची फ्लँज, म्हणजे इंजिनच्या बाजूला टेकणारी सपाट कडा, आरशाच्या काचेवर ठेवून बघितली तर डुलत होती. दोन स्टडच्या मधे वाक आला होता. कारण साधं आहे, हवा लीक होतीय म्हटलं की प्रत्येक जण नट अजून आवळतो, बॉडी मऊ ओतीव धातूची, दोन्ही कान ओढले जातात, मधला भाग फुगतो, आणि जितकं आवळाल तितकं लीक वाढतं. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवला, थोडं पाणी टाकलं आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासली, सगळीकडं एकसारखी चमक येईपर्यंत, साधारण पाऊण तास लागला. मधला काळा इन्सुलेटर पण तसाच सपाट केला, ओ रिंग नवी टाकली, नट दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने आवळले. जोर लावायचा नाही. ज्यांची गाडी फक्त एवढ्याने सुधारेल त्यांनी इथंच थांबावं, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

माझी निम्मी सुधारली. फटफट कमी झाली, पण स्लो अजून हलत होता आणि प्लग काळाच.

आता कार्बोरेटरच्या आत येऊ. ह्या बुलेटला मिककार्ब व्हीएम २४ येतो, जपानच्या मिकुनीच्या डिझाइनचा, नावातले २४ म्हणजे हवेच्या वाटेचा व्यास २४ मिलिमीटर. आत एक नळकांडीसारखी स्लाइड असते, एक्सलेटर पिळला की केबल ती वर ओढते, सोडला की स्प्रिंग खाली ढकलते. आपल्याला वाटतं स्लाइड सरळ वरखाली होते, पण तसं नाही. इंजिन हवा ओढतं तेव्हा अर्धवट उघडलेल्या स्लाइडला पण स्वतःकडं ओढतं, म्हणजे ती कायम इंजिनच्या बाजूच्या भिंतीला घासत वरखाली होते. एकच सिलिंडर, त्यामुळं ओढ सलग नसते, धक्क्याधक्क्याने असते, दर धक्क्याला स्लाइड भिंतीवर आपटते. हे तीस वर्षं. त्यात आपली धूळ. उन्हाळ्यात अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं जाऊन बघा हवेत काय असतं ते, आणि माझ्या गाडीच्या फिल्टरची रबरी नळी खालून चिरलेली होती, ती किती दिवसांपासून तशी होती देव जाणे. ती बारीक धूळ स्लाइड आणि भिंतीच्या मधे जाऊन पॉलिश पेपरचं काम करत होती.

झीज बघायची कशी? स्लाइड बाहेर काढा, पुसा, उन्हात धरून फिरवा. माझ्या स्लाइडच्या इंजिनकडच्या बाजूला क्रोमचा मुलामा उडून अंगठ्याएवढ्या जागेत पिवळं पितळ दिसत होतं, बाकीच्या बाजू चकचकीत. मग स्लाइड परत बॉडीत टाकून स्लोच्या जागेवर ठेवली आणि पुढं-मागं हलवली तर टकटक वाजली. नवीन असताना ती जेमतेम हलते, आवाज येत नाही. अंधारात एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा आणि दुसऱ्या बाजूने बघा, स्लाइडच्या कडेने चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर तिथून हवा पण जाणार. मायक्रोमीटर असेल तर स्लाइडचा वरचा न घासलेला भाग आणि खालचा घासलेला भाग दोन्ही मोजा, फरक म्हणजे झीज.

गाडीवर असतानाच करायची एक टेस्ट चाचांनी दाखवली ती मला फार आवडली. फिल्टरची नळी काढायची, गाडी स्लोवर ठेवायची आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने स्लाइडला अगदी हळू एका बाजूला टेकवायचं. माझ्या गाडीत पेन्सिल टेकली की खडखड थांबायची आणि स्लो लगेच बदलायचा, पेन्सिल काढली की परत खडखड. उघड्या कार्बोरेटरवर जास्त वेळ चालवायचं नाही आणि शर्टाची बाही, रुमाल लांब ठेवायचा.

आता समजलं धुतल्यावर आठ दिवस बरं का वाटायचं ते. धुताना कार्बोरेटर खोलला जायचा, पॅकिंग नवीन यायचं, एअर स्क्रू आणि स्लो स्क्रू त्या दिवशी स्लाइड जशी टेकलेली असेल त्याप्रमाणं सेट व्हायचे. चार दिवस खड्ड्यातून फिरली की स्लाइडची टेकायची जागा बदलायची, कडेने जाणारी हवा कमीजास्त व्हायची, आणि सेटिंग गेलं. धुणाऱ्या मिस्त्रींची ह्यात फार चूक नाही, त्यांना गाडी चांगली झालेलीच दिसायची. पण एक चूक मात्र खरी होती. एका ठिकाणी क्लच केबलची एक तार सोलून ती जेटमधून फिरवताना मी डोळ्याने बघितलंय. जेट पितळेचा, तार स्टीलची, भोक मोठं होणारच. जेट साफ करायचा तर कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा प्रेशर, फार तर नायलॉनचा धागा, तार कधीच नाही.

तर स्लोला हवा जास्त का, हे सुटलं. मग प्लग काळा का? ह्याचं उत्तर नीडल जेटमधे होतं. नीडल म्हणजे स्लाइडला लटकलेली सुई, आणि ती ज्या भोकात वरखाली होते तो नीडल जेट. कार्बोरेटरमधे एक्सलेटरच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा पार्ट राज्य करतो. अगदी सुरुवातीला, साधारण आठव्या हिश्श्यापर्यंत, पायलट जेट (स्लोचा बारीक जेट) आणि एअर स्क्रू. तिथून पाव एक्सलेटरपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण नीडल आणि नीडल जेट. पाऊणच्या वर मेन जेट. एक्सलेटरच्या मुठीवर आणि स्विचच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि कुठल्या खुणेवर त्रास होतोय ते बघा, अर्धं निदान तिथंच होतंय. आपण शहरात सगळा वेळ पाव ते अर्ध्या एक्सलेटरवरच चालवतो, म्हणजे नीडलवर.

स्लाइड खडखडत होती म्हणजे तिला लटकलेली नीडल पण नीडल जेटमधे तीस वर्षं आपटत होती. जेटचं गोल भोक भिंगातून बघितलं तर अंड्यासारखं लांबट झालेलं. नीडलवर एका बाजूला चकचकीत चपटा पट्टा. म्हणजे नीडलच्या कडेने जेवढं पेट्रोल वर यायला पाहिजे त्यापेक्षा कितीतरी जास्त येत होतं, म्हणून चालताना पेट्रोल जास्त, आणि सिग्नलला उभी राहिली की कडेने हवा शिरून पेट्रोल कमी. एकच झीज, दोन उलटी लक्षणं. म्हणून प्लग एकटा बघून निदान करू नका, गाडी पाच मिनिटं एका एक्सलेटरवर चालवून तिथंच क्लच दाबून, इंजिन बंद करून प्लग बघितला तरच तो त्या टप्प्याचं खरं सांगतो, आणि रिकाम्या रस्त्यावरच करा हे.

नीडल आणि नीडल जेट बदलायचे तर जोडीनेच. दुकानात नीडल लगेच मिळते, जेट मिळायला वेळ लागतो, म्हणून लोक नुसती नीडल बदलतात आणि फरक पडत नाही म्हणतात. नवीन सुई लांबट भोकात टाकून काय होणार. दोन्हीवर नंबर कोरलेले असतात, जुन्यावरचे नंबर भिंगाने वाचून तेच घ्यायचे. मी आधी एक स्वस्तातला किट आणला होता, त्यातल्या जेटवर नंबरच नव्हता, बसवला तर गाडी अर्ध्या एक्सलेटरला गुदमरायची. पाकिटावर काय लिहिलंय ते नाही, पार्टवर काय कोरलंय ते बघा.

फ्लोट व्हॉल्व्ह पण बघितला, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत (बाऊलमधे) पेट्रोल भरलं की वाट बंद करतो तो. त्याच्या टोकाला गोल रेघ पडलेली असेल तर बदलून टाका, पैसे फार नाहीत. ओळखायला सोपं, रात्री पेट्रोलचा कॉक चालू ठेवला आणि सकाळी ओव्हरफ्लोच्या नळीखाली डाग असेल किंवा इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर व्हॉल्व्ह धरत नाही. ऑइलला वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

मग मोठा प्रश्न, स्लाइड आणि बॉडीचं काय करायचं. तीन रस्ते आहेत. नुसती नवीन स्लाइड, नवा अख्खा कार्बोरेटर, किंवा जुनाच लेथवर दुरुस्त करणं. नवीन स्लाइड टाकून बघितली, खडखड निम्मी झाली, पूर्ण गेली नाही. म्हणजे बॉडीची भिंत पण झिजलेली. हीच कसोटी धरा: नवी स्लाइड जुन्या बॉडीत टाकून वाजली नाही तर काम झालं, वाजली तर बॉडी गेली. बहुतेक लोकांनी ह्या टप्प्यावर सरळ नवा कार्बोरेटर घ्यावा असं मी मनापासून सांगेन, चांगला खरा पार्ट मिळत असेल तर. मला त्या महिन्यात मिळाला नाही, जे मिळत होते त्यांचं ओतकामच इतकं खडबडीत की स्लाइड पहिल्या दिवसापासून अडकत होती. आणि खरं सांगायचं तर अप्पांना गाडीवर तिचाच कार्बोरेटर हवा होता.

सोलापूरचा एक फायदा आहे. इथं पॉवरलूम आहेत म्हणून मागाचे पार्ट करून देणारे लेथवाले आहेत, पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत, आणि ह्या लोकांच्या हाताला जे बारीक माप आहे ते गाडीच्या गॅरेजमधे सापडत नाही. एका अण्णांकडं गेलो, आयुष्यभर मागाच्या शाफ्टला बुश बसवत आलेले. कार्बोरेटर त्यांनी आधी कधी केला नव्हता आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण स्लाइड हातात घेऊन म्हणाले, हे तर शाफ्ट-बुशचंच काम झालं, फक्त इथं ऑइल नाही, पेट्रोल आहे, म्हणून फट जास्त ठेवून चालत नाही आणि कमी ठेवली तर अडकतंय.

त्यांनी बॉडीतलं भोक सगळीकडून मोजलं. वर गोल, खाली स्लाइड जिथं नेहमी टेकते तिथं एका बाजूला तीन दशांश मिलिमीटर खाल्लेलं. बॉडी चकमधे धरायच्या आधी त्यांनी लाकडाचा साचा केला म्हणजे दाबून वाकडी व्हायला नको, मग लांबट भोक परत गोल होईल एवढंच रीमरने काढलं, त्यापेक्षा एक कण जास्त नाही. मग पितळेच्या रॉडमधून थोडी जाड नवी स्लाइड वळवली. ह्यात तीन गोष्टी जशाच्या तशा उतरायला लागतात, खालचा तिरका काप, बाजूची उभी खाच जिच्यात बॉडीची पिन बसते, आणि नीडलचं भोक बरोबर मध्यावर. तिरक्या कापाची उंची जरा चुकली तर पाव एक्सलेटरला गाडी गचके मारते, म्हणून जुनी स्लाइड शेजारी ठेवून कॅलिपरने चार वेळा ताडून बघितली. दोघांच्या मधे एकूण फट साधारण पाच शतांश मिलिमीटर ठेवली.

इथं एक गोष्ट जिवाची आहे म्हणून थांबून सांगतो. स्लाइड टाइट झाली तर गरम झाल्यावर वरच अडकू शकते, म्हणजे एक्सलेटर सोडला तरी गाडी पळतच राहणार. म्हणून बसवायच्या आधी आम्ही बॉडी आणि स्लाइड दोन्ही उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले, चिमट्याने बाहेर काढले, पुसले, आणि स्प्रिंग न लावता स्लाइड वरून सोडली. स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेली पाहिजे, एकदाही अडकायला नको, बॉडी कशीही तिरकी धरली तरी. पहिल्या वेळी एका कोनात अडकली. अण्णांनी परत लेथवर घेऊन बारीक पॉलिश मारलं, तेव्हा गेली. ही टेस्ट झाल्याशिवाय कुणाकडूनही केलेली स्लाइड गाडीवर चढवू नका, लेथवाला कितीही ओळखीचा असला तरी. आणि पहिले पन्नास किलोमीटर एक हात किल-स्विच किंवा चावीजवळ जाईल अशी सवय ठेवूनच चालवा.

लेथच्या कामाचे ९०० रुपये झाले, नीडल-जेटची जोडी, फ्लोट व्हॉल्व्ह, ओ रिंग, फिल्टरची नवी नळी सगळं धरून दोन हजारांच्या आत. दीड वर्षात धुण्यावर आणि नको ते पार्ट बदलण्यात ह्याच्या दुप्पट गेले होते.

सेटिंग असं केलं. एअर स्क्रू हळू पूर्ण आत, टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, मग दीड फेरा बाहेर. गाडी चालवून पूर्ण गरम केली, अगदी होटगी रोडला जाऊन आलो. मग स्लो स्क्रूने स्लो थोडा वर ठेवला आणि एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत रेस सगळ्यात जास्त आणि स्थिर कुठं येते ती जागा शोधली, मग स्लो स्क्रूने खाली आणला. एक गोष्ट लक्षात ठेवा, हा स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे बाहेर काढला की पेट्रोल कमी. काही गाड्यांना तो इंजिनकडच्या बाजूला असतो, तिथं उलटं, बाहेर काढला की पेट्रोल जास्त. हे न बघता फिरवणारे खूप आहेत. आणि थंड गाडीवर केलेलं सेटिंग हे सेटिंगच नाही.

पेट्रोलचं पण बोलायला पाहिजे, कारण जुन्या गाड्यांचं गणित ह्याने बदललंय. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको, इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पंपावर यायला लागलं. साध्या पेट्रोलला एका भागाला हवा लागते साधारण १४.७ भाग, इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे तेच जेट, तेवढंच पेट्रोल, पण मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के हवेकडं झुकलं. कार्बोरेटरला हे कळत नाही, नव्या इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर त्याच्याकडं नाही. माझ्या गाडीला नवीन नीडल मधल्या खाचेवर बसवल्यावर अर्ध्या एक्सलेटरला थोडी कोरडी वाटत होती, ओढताना धाप लागल्यासारखी, म्हणून नीडलला स्लाइडमधे धरणारी क्लिप एक खाच खाली घेतली. क्लिप खाली म्हणजे नीडल वर म्हणजे पेट्रोल जास्त, ह्यात गोंधळ होतो म्हणून लिहिलं. आता प्लग कॉफीच्या रंगाचा येतो. जुन्या रबराच्या ओ रिंग आणि नळ्या ह्या पेट्रोलने फुगतात किंवा चिरतात, त्या बदलताना नवीन प्रकारच्या रबराच्या मागून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढतं, गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत चालवा आणि मग बंद करा, नाहीतर खाली पांढरा चिकट थर बसतो.

हे सगळं होऊन आता सात महिने झाले, चार हजार किलोमीटर झाले असतील. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने पहिल्या गिअरमधे अर्धा तास रांगत गेलो, गाडी तापली, स्लो जिथं होता तिथंच. अ‍ॅव्हरेज ३१ पर्यंत परत आला. मागच्या आठवड्यात स्लाइड मुद्दाम काढून बघितली, इंजिनकडच्या बाजूला फक्त हलकी चमक आहे, खाच नाही. पितळेवर क्रोम नाही त्यामुळं ही मूळच्या स्लाइडपेक्षा लवकर झिजेल हे अण्णांनी आधीच सांगितलंय, म्हणून दर सहा महिन्याला काढून मोजायचं ठरवलंय, आणि फिल्टरची नळी दर ऑइल बदलीला हात फिरवून बघतोय, खालच्या बाजूने सुद्धा, कारण चीर तिथंच होती आणि वरून दिसत नव्हती. अप्पा रविवारी तुळजापूरला जाऊन आले, येताना फोन केला तेव्हा मागं गाडी स्लोवर चालूच होती, आवाज येत होता.